नवी फायबर होडी, एक पावसाळा काढल्यानंतर

मालवणजवळ देवबागच्या आमच्या न्याहारी निवासासाठी गेल्या वर्षी २२ फुटी उघडी फायबर होडी बांधून घेतली. पाहुण्यांना कर्ली नदीच्या मुखापर्यंत फिरवून आणायला आणि मोसम नसेल तेव्हा भावोजींना गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला. कारखाना जिल्ह्यातलाच, खाडीकाठचा, चार-पाच माणसांचा. नाव लिहीत नाही. खाली एक तक्रार आहे, आणि मेस्त्रीचंच म्हणणं असं की "नाव नको वयनी, आधीच ऑर्डरी संपत नाय."

आमच्याकडे कुणाला होडीबद्दल विचारा, तो इंजिनाबद्दल सांगतो. मग रंग, मग वरचं छप्पर. बॉडीबद्दल फार तर "जाड आहे" एवढंच. लग्नाआधी मी नाशिकजवळ जीआरपी, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकचे, पाइप बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी लॅबला होते. पाइपचे तुकडे तोडायचे, जाळायचे, वाकवून मोडायचे, हीच नोकरी. त्यामुळे माझा रिव्ह्यू फक्त बॉडीचा. इंजिन कुठलं घ्यावं ते भावोजींना विचारा.

निकाल आधी सांगते. बॉडीचे थर उत्तम. आतल्या बरगड्यांचे जोड पहिल्या खेपेला नापास, नंतर दुरुस्त. कच्चा माल ठेवायची पद्धत वाईट. फिनिशिंग ठीकठाक.

ऑर्डर देताना मी एकच जगावेगळी अट घातली होती. बिल्ज पंपाच्या (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या) नळीसाठी आणि वायरींसाठी बॉडीला भोकं पाडतात, त्यातून निघणाऱ्या चकत्या फेकायच्या नाहीत, मला द्यायच्या. "ह्यो तुकडो तुमका कित्याक व्हयो?" मेस्त्री म्हणाला. त्याला वाटलं, किल्लीला अडकवायला. पण ग्राहकाच्या हाती बॉडीचा आतला भाग येण्याची ती एकच संधी असते. एकदा फिटिंग बसलं की तुम्हाला दिसतो तो फक्त जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत थर, आणि जेलकोट अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

एक चकती व्हाइसमध्ये धरून मोडली आणि मोडलेली कड सोनाराच्या भिंगाखाली बघितली. बघायचं काय, तर तुटलेले तंतू. फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि त्यांच्यात भिजवून घट्ट केलेलं रेझिन. कडेतून लांब, पांढरे, स्वच्छ केस बाहेर आलेले दिसले तर काच रेझिनमधून नुसती सुटून आली आहे, दोघांनी एकमेकांना धरलेलंच नव्हतं. तंतू आखूड तुटलेले असतील आणि त्यांच्या अंगावर रेझिनचे कण चिकटलेले असतील तर धरलं होतं. आमच्या चकतीत बहुतेक कड आखूड आणि चिकट, फक्त रोव्हिंगच्या, म्हणजे तंतूंच्या जाड जुड्या विणलेल्या कापडाच्या, थराशी थोडे लांब केस. रोव्हिंगच्या जाड जुडीच्या आतपर्यंत रेझिन पोचवणं कठीणच असतं. पास.

दुसरी चकती जाळली. लॅबमध्ये ५६५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत जाळतात, मी मागच्या अंगणात जुन्या स्टीलच्या वाटीत निखाऱ्यावर. धूर काळाकुट्ट आणि घाण, घरच्यांचं लक्ष नसताना करा. रेझिन जळून जातं, काच उरते. जाळण्याआधी आणि नंतर मालवणच्या बाजारात ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन केलं: ५.५ ग्रॅमची चकती, त्यात १.८५ ग्रॅम काच. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. नुसत्या मॅटच्या (तंतूंचे तुकडे गोंदाने धरलेली चटई) हातबनावटीच्या कामात ३० टक्क्यांच्या आसपास काच बसते, नुसत्या रोव्हिंगमध्ये ५०च्या आसपास. आमच्या बॉडीत दोन्ही आहेत, तेव्हा आकडा जुळतो. उरलेली काच चिमट्याने थर-थर उलगडली. जेलकोटच्या मागे ३०० ग्रॅमची मॅट (वजन दर चौरस मीटरचं), मग ४५०च्या दोन, ६१०चं रोव्हिंग, ४५०, पुन्हा रोव्हिंग, वर ४५०. कोटेशनमध्ये लिहिलं होतं तेच. सोनाराने विचारलं, हे काय सोनं आहे का ताई? त्या दिवशी माझ्या लेखी होतं.

आता काच आणि रेझिन एकमेकांना धरतात म्हणजे काय, हे जरा लांबण लावून सांगते. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीपर्यंत खाली उतरावं.

फायबरच्या होडीत ताकद काचेची आणि आकार रेझिनचा. ओढ पडते ती आधी रेझिनवर, आणि रेझिन ती तंतूच्या अंगाच्या कडेने त्याच्याकडे सोपवतं. ती कड सुटली तर तंतू कितीही ताकदीचा असो, आत नुसता पडून राहतो. आणि ही कड केवढी असते! १५ मायक्रॉन जाडीचे तंतू धरले तर एका किलो काचेच्या तंतूंचं एकूण पृष्ठफळ १०० चौरस मीटरच्या वर जातं. आमच्या बॉडीच्या दर चौरस मीटरमध्ये ३.३ किलो काच आहे. म्हणजे होडीच्या प्रत्येक चौरस मीटरच्या पोटात ३४० चौरस मीटरच्या आसपास काच आणि रेझिनची सीमा. ती सीमा बाहेरून कुणालाच दिसत नाही. पाणी मात्र तिथे पोचतं.

काचेला पाणी फार आवडतं. उघड्या काचेच्या अंगावर हवेतल्या ओलाव्याचा थर कायम बसलेला असतो, आणि पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे होडीला वापरतात ते, त्या थरावर नीट बसत नाही. बसलंच तरी पाणी पुढे शिरत राहतं आणि त्याला उचकटतं. १९४०च्या दशकात अमेरिकेत विमानांच्या रडारवरची आवरणं काच-पॉलिएस्टरची बनू लागली, तेव्हा हेच झालं. कोरडी असताना भक्कम, दमट हवेत काही काळ गेला की ताकद गळालेली. त्यावर काच आणि रेझिन जोडायला आधी क्रोमियमची संयुगं आली, मग सिलेन, म्हणजे सिलिकॉनची संयुगं. डाऊ कॉर्निंगमधल्या एडविन प्लूडेमन यांनी उभं आयुष्य या सिलेनमागे घातलं.

हे सिलेन होडीच्या कारखान्यात लागत नाही, ते मॅटबरोबरच येतं. काचेचा रस प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या भांड्याच्या तळातल्या बारीक छिद्रांतून ओढतात, त्याचे केसाहून बारीक तंतू होतात, आणि गुंडाळायच्या आधीच त्यांच्यावर एक पातळ लेप चढतो. त्याला साइझिंग म्हणतात. वजनाने तंतूच्या एक टक्क्याच्या आसपास. त्यात तंतू घासून तुटू नयेत म्हणून वंगण, जुडी एकत्र राहावी म्हणून बांधणारा पदार्थ, आणि थोडंसं सिलेन. सिलेनच्या रेणूचं एक टोक पाण्यात उघडतं आणि काचेच्या पृष्ठभागाशी सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा बंध बांधतं. दुसरं टोक रेझिन घट्ट होताना त्याच्या साखळीत विणलं जातं. पॉलिएस्टरसाठी हे दुसरं टोक बहुधा मेथाक्रिलचं असतं, इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनसाठी अमिनो किंवा इपॉक्सी गटाचं. प्लूडेमन यांचा मुद्दा मला सगळ्यात आवडतो: काचेकडचा हा बंध पाण्याने तुटतोच, पण शेजारी जागा धरून पुन्हा जुळतोही. जुळण्याचं पारडं जड राहिलं तर होडी टिकते. हा लेप चढवणारे काचतंतूंचे कारखाने आपल्याकडे तळोज्याला आणि गोव्यात कोलवाळला उभे राहिले, तेव्हा ही काही लांबच्या देशाची गोष्ट नाही.

म्हणून मॅटच्या गुंडाळीवरची चिठ्ठी वाचायची. त्यावर लिहिलेलं असतं, ही कुठल्या रेझिनशी जमते. आमच्या शेजारच्या एकाने होडीचं भोक बुजवायला महागडी इपॉक्सी आणली आणि साधी चॉप्ड मॅट घातली. मॅटचे तुकडे जो गोंद धरून ठेवतो तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीनच नसतं. मॅट कडक राहिली, कोपऱ्यात बसली नाही, आत हवा कोंडली. "महागाचं लावलं तरी असं!" म्हणून तो अजून इपॉक्सीला शिव्या देतो. इपॉक्सी बिचारी विणलेल्या कापडावर लावली असती तर उत्तम धरली असती.

मॅटच्या गोंदातही दोन प्रकार, इमल्शन आणि पावडर. इमल्शनचा गोंद बहुधा पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा. पाण्यात वर्षानुवर्षं राहिला की त्याचं हळूहळू विघटन होतं आणि ॲसिटिक आम्ल सुटतं. जुन्या होडीच्या तळाचा फोड फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो तो याचमुळे. जेलकोटच्या लगेच मागे पावडर मॅट हवी, असा माझा आग्रह होता. कारखान्याकडे ती नव्हती. कुरकुर न करता कोल्हापूरहून मागवली, याचे त्यांना पूर्ण गुण. रेझिन साध्या ऑर्थोऐवजी आयसो (दोन्ही पॉलिएस्टरच, आयसो पाण्यात जास्त टिकणारं) घेतलं, तेही जेलकोटसकट. फरकाचे पैसे माझे, आणि ते मला मान्य होते.

आता साठवण. काम ऑगस्टमध्ये. कोकणात होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हाच कारखान्यांना कामं मिळतात, म्हणजे नेमका हवेत हात घातला तर ओला होईल असा महिना. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मॅटच्या गुंडाळ्या प्लास्टिक फाडून जमिनीवर, दाराशेजारी. "सुकी आसा वयनी, हात लावन बघा." हाताला सुकीच लागते. काचेवर ओल बसते ती हाताला कळत नाही. असं कापड रेझिनमध्ये भिजतं, पारदर्शक होतं, त्या दिवशी छान दिसतं. काच आणि पॉलिएस्टर दोघांचा अपवर्तनांक १.५५च्या आसपास, त्यामुळे भिजली की मॅट अदृश्य होते आणि मेस्त्री लोक याच खुणेवर चालतात. खूण बरोबरच आहे, पण ती फक्त रेझिन पोचलं एवढंच सांगते. धरलं की नाही ते महिन्यांनी कळतं, तंतू पुन्हा पांढरे दिसू लागले की.

आम्ही गुंडाळ्या माळ्यावर चढवल्या, खाली १०० वॉटचा दिवा रात्रभर. मेस्त्रीने डोळे फिरवले, पण केलं. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा दुसऱ्या कुणाच्या होडीच्या गुंडाळ्या परत दाराशी होत्या. म्हणून साठवणीला गुण नाहीत.

हातकामाला मात्र पैकीच्या पैकी. साच्यावर आधी रेझिन, मग मॅट, म्हणजे रेझिन खालून वर चढतं आणि हवा पुढे ढकलतं. ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. मग लोखंडी चकत्यांचा रोलर, कोपऱ्याकोपऱ्यात. पोरगा रोलर फिरवताना गाणी लावायचा, पण बुडबुडा दिसला की हात थांबायचा. कॅटलिस्ट, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, मोजून, दीड टक्क्याच्या आसपास, मोजमापाच्या बाटलीनेच. बुचाच्या अंदाजाने ओतणारे कारखाने मी पाहिलेत. कोबाल्ट (कॅटलिस्टचं काम वेगाने करवणारं) आणि कॅटलिस्टचे डबे दोन वेगळ्या भिंतींना, हे बघून बरं वाटलं. ते दोघं थेट एकत्र आले तर भडकाच उडतो.

तर चवथीची सुट्टी.

बॉडीचे थर एकामागोमाग एक, आदल्या थराचा चिकटपणा जायच्या आत घातले. पॉलिएस्टरचा हवेकडचा पृष्ठभाग पूर्ण वाळत नाही, हात लावला तर चिकट लागतो. तो दोष नाही, सोय आहे. पुढचा थर त्याच्याशी रासायनिक जोड करतो, दोन थरांचा एकच होतो. बॉडी पुरी झाली आणि गणपती आले. कामगार घरी. आमच्याकडे चवथीला गोठ्यातली गायही सुट्टी मागते, त्यात कुणाचा दोष नाही. पण परत आल्यावर आतल्या बरगड्या आणि आडव्या फळ्या बसवताना तो जुना, आता पुरता घट्ट झालेला पृष्ठभाग नीट घासायला हवा होता. वरून शेवटच्या थरात मेण होतं. पृष्ठभाग वाळावा म्हणून मेण घालतात, ते वर तरंगून हवा अडवतं. वाळल्यावर ते तिथेच राहतं. त्याच्यावर नवीन मॅट लावणं म्हणजे तेलकट तव्याला स्टिकर लावणं.

होडी दसऱ्याला आली. दिवाळीच्या गर्दीत चालली. नाताळच्या आधी भावोजी म्हणाले, मधल्या फळीखाली टकटक आवाज येतो. मी रुपयाचं नाणं घेऊन बरगडीच्या पायथ्याने ठोकत गेले. चांगल्या जोडावर टणटणीत वाजतं, सुटलेल्या जागी बोदं. एका बरगडीची अर्धी बाजू बोदी, तिथे पांढरी रेघही. पटाशीचं टोक घातलं तर जोडाची पट्टी सबंध उचलून आली. तिच्या खालची बाजू गुळगुळीत, चकचकीत. हीच खूण. जोड खरा असता तर पट्टी फाटत आली असती, दोन्हीकडे तंतू ओरबाडलेले दिसले असते.

फोन केला, फोटो पाठवले. मेस्त्री दुसऱ्याच दिवशी आला, पट्टी उलटी करून बघितली आणि एवढंच म्हणाला, "घासूक व्हया होता." सबबी नाहीत. पुढच्या आठवड्यात ४० नंबरचा पेपर लावलेला ग्राइंडर, ॲसिटोन, आणि मुख्य म्हणजे एका नव्हे, सगळ्याच बरगड्यांचे जोड पुन्हा. घासायच्या आधी ॲसिटोनने मेण पुसायचं, मग घासायचं. उलटं केलं तर ग्राइंडर मेण आत रगडतो. त्याने बरोबर क्रमाने केलं. पैसे घेतले नाहीत. आमचे नाताळचे दिवस गेले ते गेलेच, पाहुण्यांना दुसऱ्याच्या होडीवर पाठवावं लागलं, आणि त्याचा मला अजून राग आहे. पण विक्रीनंतरची सेवा म्हणून विचाराल तर किनाऱ्यावर याहून चांगली मला माहीत नाही.

फेब्रुवारीत होडी खडकावर बसली. मालवणचा किनारा, तेव्हा ते कधीतरी होणारच. जेलकोट तडकला आणि आतून तळहाताएवढा पांढरा डाग उमटला. पाणी थेंबभर नाही आलं. घरात सगळे घाबरले, मला उलट बरं वाटलं. पांढरा डाग म्हणजे त्या जागी तंतू रेझिनपासून सुटले, आणि सुटता सुटता धक्का पिऊन गेले. काच आणि रेझिन एकमेकांना जरुरीपेक्षा घट्ट धरून बसले तर तडा थांबत नाही, तंतू कापत सरळ आरपार जातो. गोळी अडवणाऱ्या काचतंतूंच्या पाट्यांमध्ये तर मुद्दाम बेताचीच पकड ठेवतात, थर सुटत जावेत म्हणून. होडीला तेवढी सैल पकड चालणार नाही, तिला वर्षानुवर्षं मोसमभर पाण्यात राहायचंय. मधला कुठला तरी बिंदू हवा, आणि तो साइझिंग बनवणाऱ्याच्या हातात असतो, आपल्या नाही. डाग तसाच ठेवला नाही मात्र. सुटलेल्या तंतूंच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. घासून, सुकवून, दोन मॅट मारल्या.

पावसाळ्यात होडी वर, झापांखाली. सप्टेंबरमध्ये तळ धुऊन, तिरप्या उन्हात जवळून बघितला. फोड नाही. याचा फार अर्थ नाही, फोड यायला वर्षं जातात. बरगड्या पुन्हा नाण्याने ठोकल्या, सगळ्या टणटणीत. चकचकाट थोडा उतरलाय, निळ्या रंगावर पांढुरकी झाक आली आहे. उन्हाने होतं ते, पॉलिश मारलं की जातं. कठड्याखालची कड हाताला बोचते, तिथे तंतूंची टोकं उघडी ठेवली आहेत. पाहुण्यांच्या लहान मुलाचा हात खाजला तेव्हा मीच त्यावर रेझिन फिरवलं. एवढ्या पैशांत ते कारखान्याने करायला हवं होतं.

किंमत लिहीत नाही, कारण रेझिनचा भाव स्टायरीनबरोबर आणि स्टायरीनचा कच्च्या तेलाबरोबर हलतो. मला पंधरा दिवसांपुरतंच कोटेशन मिळालं होतं. कोटेशनमध्ये थरांचा क्रम, मॅटचं वजन, पावडर की इमल्शन आणि रेझिनचा प्रकार लिहून घ्या. लिहून द्यायला का-कू करणाऱ्याकडे मी गेले नसते. ऑर्डर जूनमध्ये द्या, म्हणजे बरगड्यांसकट सगळं चवथीच्या आधी उरकतं. भावोजींना आता गरवायला वेगळी छोटी होडी हवी आहे. तिला बाहेरचे दोन थर व्हिनाइल एस्टर रेझिनचे करायचे म्हणते आहे. महाग आहे, पण पाण्यापुढे आयसोपेक्षा सरस, आणि ताणही जास्त सोसतं. मेस्त्रीला विचारलं तर म्हणाला, करू या वयनी, चकती पण आधीच काढून ठेवतंय.